भंगारवाला नेत नाही ती पिशवी

भंगारवाला गावात येतो. लोखंड घेतो, बाटल्या घेतो, फुटकी बादलीही घेतो. पण पातळ पिशव्या आणि बिस्किटांच्या पुड्या पुढे केल्या, की नको म्हणतो. मग त्या जातात कुठे? गटारात जातात. शेणखताबरोबर शेतात जातात. गाईच्या पोटात जातात. नाहीतर आपण त्या बंबात घालतो. तो काळा धूर आपल्याच नाकात जातो, बरे!

तामिळनाडूत मदुराई नावाचे शहर आहे. तेथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात राजगोपालन वासुदेवन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी अशा पिशव्या रस्त्याच्या कामी लावल्या. २००२ साली महाविद्यालयाच्या आवारातच तसा रस्ता केला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

रीत अशी. पिशव्यांचे बारीक तुकडे करतात. खडी सुमारे १६० अंशांपर्यंत तापवतात. पाणी १०० अंशांवर उकळते, यावरून खडी किती तापते ते समजा. तापल्या खडीवर तुकडे टाकले की ते वितळतात, जळत नाहीत. तव्यावर तेल पसरावे तसा त्यांचा पातळ थर खडीवर बसतो. मग त्यात गरम डांबर मिसळतात.

आपले डांबरी रस्ते पावसाळ्यात का उखडतात? खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरते. खडी सुटते, खड्डा पडतो. प्लास्टिकचा थर असला की पाण्याला वाट मिळत नाही, डांबरही घट्ट धरून राहते. एकपदरी १ किलोमीटर रस्त्यात सुमारे १ टन प्लास्टिक खपते. म्हणून पुड्या जास्त विकत घ्याव्या, असा अर्थ मात्र कोणी काढू नये!

पाण्याचे पाईप ज्याचे करतात ते पीव्हीसी यात चालत नाही. ते तापले की विषारी वायू सुटतो. म्हणून घरी कढईत प्लास्टिक वितळवून विटा पाडायचा खटाटोप करू नका. ते काम माहीतगारांचे.

आपले काम सोपे आहे. पुडी झटकावी, धुऊन वाळवावी, गोणीत भरावी. ओली, चिखलाची पिशवी कामाची नाही. आम्हाला विचाराल तर, गोणी भरण्याआधीच ग्रामसभेत उभे राहावे. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला प्लास्टिकचे केंद्र करायची योजना आहे. आपल्या तालुक्याचे केंद्र कुठे आहे आणि गोण्या न्यायला गाडी कोणत्या दिवशी येणार, हे सरपंचांना विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. आता आपल्याला लिहिता येते.