द्राक्षवेल आणि जैवउत्तेजके

समशीतोष्ण प्रदेशातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील वेलीला ही विश्रांती लाभत नाही. येथे तिची छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तीनंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने आकार घेतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली की ते घड बाहेर पडतात. म्हणजेच घडनिर्मितीचा नाजूक काळ कडक उन्हात व पाणीटंचाईत सुरू होतो. असा ताण सोसण्यास वेलीला साहाय्य करणे, हे जैवउत्तेजकांचे एक प्रमुख कार्य होय.

जैवउत्तेजक हे खत नव्हे, कारण त्याचा उपयोग त्यातील अन्नांशावर अवलंबून नसतो. ते केवडा वा भुरी यांवरील औषधही नव्हे. वेलीच्या स्वतःच्या जीवनक्रियांना ते चालना देते. ह्युमिक आम्ले, अमिनो आम्ले व समुद्रशैवालांचे अर्क ही त्याची परिचित उदाहरणे होत. तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर कप्पाफायकस नावाचे शैवाल तराफ्यांवर वाढवितात. ताजे शैवाल चिरडून गाळले असता निघणाऱ्या रसात पोटॅश आणि अल्प प्रमाणात वाढीची संप्रेरके असतात. हा रस पाण्यात मिसळून पिकांच्या पानांवर फवारता येतो.

मात्र बाटलीत नेमके काय आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळल्याने २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली व बागाईतदारांना त्याची मोठी झळ पोहोचली. वेष्टनावर न लिहिलेले द्रव्य जैवउत्तेजकात मिसळलेले असेल, तर तोच प्रसंग पुन्हा ओढवेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने जैवउत्तेजकांचा समावेश खत नियंत्रण आदेशात केला. त्यांत कीटकनाशकाचा अंश दशलक्ष भागांत ०.०१ भागाहून अधिक नसावा, असे बंधन त्याने घातले.

उपयोग पारखण्याची रीत सोपी आहे. बागेतील काही ओळी फवारणीवाचून ठेवाव्यात. पाणी, खत व विरळणी सर्वत्र सारखीच असावी. काढणीच्या वेळी दोन्हींकडील मण्यांचा व्यास, घडांचे वजन आणि रसातील साखर मोजावी. फरक दिसला नाही, तर पुढील वर्षी तो खर्च वाचवावा. जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरत असतील, तर आधी निचरा सुधारावा. ती उणीव कोणत्याही अर्काने भरून निघत नाही.