नाव झाकून पाहावे

माझी एक विज्ञानकथा यंदा एका मासिकाकडून ‘साभार परत’ आली. नवोदिताला कोण विचारतो, असे म्हणून मी मोकळा झालो. पुढे जयंत नारळीकरांची हकीकत वाचनात आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून नक्कल करविली. पहिले बक्षीस मिळाले ते कथेला, कीर्तीला नव्हे.

मी माझी कथा पुन्हा वाचली. पहिली दोन पाने यंत्राच्या वर्णनात खर्ची पडलेली. माणूस उगवतो तिसऱ्या पानावर! कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे शास्त्र झाले. परतलेल्या प्रवाशाचे वय घरच्यांशी जुळत नाही, इथे कथा सुरू होते. विज्ञान काढून घेतले तर कथा उरू नये आणि माणूस काढला तरीही उरू नये. मित्रांच्या कथांना मी ही कसोटी बिनदिक्कत लावीत असे. आता ती स्वतःला लावतो आहे. पहिली दोन पाने फाडली आहेत.