लिंकचा पत्ता शेवटून वाचा

मैत्रिणींनो, "तुमच्या गटाचे खाते बंद होणार आहे, खालच्या लिंकवर लगेच माहिती भरा," असा मेसेज आला तर घाईने बोट लावू नका. आधी लिंकमधला पत्ता वाचा. तो कसा वाचायचा, हे आज शिकू.

नावामागे नंबर

फोनमध्ये आपण 'सुमनताई' हे नाव दाबतो, पण फोन लागतो तो नंबरावर. इंटरनेटचंही तसंच आहे. प्रत्येक वेबसाइट कुठल्या तरी कॉम्प्युटरवर ठेवलेली असते आणि त्या कॉम्प्युटरला नंबर असतो. नंबर पाठ राहत नाहीत, म्हणून नावं दिली. नावावरून नंबर शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली तयार झाली. तिला डीएनएस म्हणतात.

सगळी नावं एकाच वहीत नसतात. आपला मोबाईल आधी सिमकार्डच्या कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारतो. त्याला माहीत नसेल तर तो नावाच्या शेवटाकडून चौकशी सुरू करतो. 'डॉट इन'ची नावं कोणाकडे? त्यात 'बँक डॉट इन'ची कोणाकडे? त्यात आपली बँक कुठे? असं विचारत विचारत पापणी लवायच्या आत नंबर मिळतो.

मग आपण भरलेल्या माहितीचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर तो नंबर असतो. वाटेतली राउटर नावाची यंत्रं नंबर बघून तुकडा पुढे ढकलतात, जसं पोस्टात पिनकोड बघून पाकीट पुढे जातं. पण पोस्टमन घरातला माणूस प्रामाणिक आहे का, ते बघत नाही. राउटरही बघत नाही. ते आपणच बघायचं.

हे दोन पत्ते बघा

१. अमुकबँक.बँक.इन/खाते
२. अमुकबँक.बँक.इन.कर्जवाटप.कॉम/खाते

सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यापुढे पहिली तिरपी रेघ येईपर्यंतच पत्ता असतो. तो उजवीकडून डावीकडे वाचा. पहिला 'बँक.इन'ने संपतो. दुसरा 'कर्जवाटप.कॉम'ने संपतो, म्हणजे मालक 'कर्जवाटप'वाला. पुढे बँकेचं नाव लिहिलं म्हणून ती बँक होत नाही. घरावर कोणीही पाटी लावू शकतो.

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली वेबसाइट 'बँक.इन' या शेवटावर आणायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. सरकारी वेबसाइटचा शेवट बहुतेक वेळा 'जीओव्ही.इन' असतो.

कुलपाच्या खुणेवर विसंबू नका. वाटेत कोणी माहिती वाचत नाही, एवढंच ती सांगते. पलीकडे चोर बसला असेल, तरी कुलूप दिसतं.

मेसेजमधल्या लिंकवर ओटीपी, पिन किंवा आधार नंबर भरू नका. शंका आली तर पासबुकावरच्या नंबरावर शाखेला फोन करा, नाहीतर आपल्या बँक सखीला विचारा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या मोबाईलवर आलेला एक लिंकचा मेसेज आणावा. लिंक न उघडता सगळ्या मिळून तिचा पत्ता शेवटून वाचा, आणि मालक कोण ते सांगा.