नक्कल तयार होती, मी वाट बघत होतो

परसातल्या भिंतीचा दावा मी पनवेलच्या कोर्टात हरलो. निकाल ३ जुलैचा. वकीलसाहेब म्हणाले, "निकालाची नक्कल आली की अपील टाकू, निर्धास्त राहा." त्यानंतर मी त्यांना सात फोन केले. दर वेळी एकच उत्तर: "नक्कल आली नाही अजून." मग "गणपती आटोपू द्या." अपील दाखल झालं १८ सप्टेंबरला.

पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलांनी आमच्याच नकलेचं शेवटचं पान उघडलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. अर्ज १० जुलै. तयार २४ जुलै. दिली २९ ऑगस्ट. मधल्या तारखेवरून ते बोट हलेना. माझ्या पोटात खड्डा पडला. छत्तीस दिवस नक्कल कोर्टात पडून होती आणि मी 'आली नाही' ऐकत होतो! बाहेर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः चौकशी करायला हवी होती." फी घेताना हे का नाही सांगितलं?

हिशेब असा आहे. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नकलेसाठी वजा होतात ते अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच दिवस. ती उचलायला लावलेला उशीर आपल्या माथी. माझी मुदत १७ ऑगस्टला संपली होती. उशीर ३२ दिवसांचा.

"विलंब माफ होतोच," असंही मला सांगण्यात आलं. होतो, पण हक्काने नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातीजी प्रकरणात चार दिवसांचा उशीर माफ करून उदार दृष्टी ठेवायला सांगितलं. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हे तर १९८१ मध्येच रफिक प्रकरणात म्हटलं होतं. पण त्याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पथपती सुब्बा रेड्डी प्रकरणात ५६५९ दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला. सबळ कारण लागतंच.

माझा उशीर खर्च भरून माफ झाला, पण फार उशिरा. अपील केलं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. विलंबाचा निर्णय होईपर्यंत ती मला मिळाली नाही. समोरच्यांनी अंमलबजावणीची दरखास्त लावली, बेलिफ आला, आणि वडिलांनी बांधलेली भिंत दुपारच्या आत पडली. अपील अजून चालू आहे.

म्हणून सांगतो. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज स्वतःच्या डोळ्यांदेखत टाकून घ्या आणि अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा. दर आठवड्याला नक्कल विभागात स्वतः जा. अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. वकिलांशी झालेलं बोलणं मोबाइलवर लेखी ठेवा. माझे सात फोन सिद्ध करायला मला कॉलची यादी काढावी लागली. उशीर झालाच, तर कारण तारखांसह शपथपत्रात मांडा. वकील विचार करून निवडा, कागद जपून ठेवा. दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो, त्यामुळे पुराव्यावरची खरी लढाई पहिल्याच अपिलात असते.

वकिलांवर विश्वास जरूर ठेवा. पण नकलेवरच्या तीन तारखा तुमच्या स्वतःच्या वहीत असू द्या.