वर्गणी संपल्याचा खोटा निरोप

वर्गणी हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. मासिकाची वर्गणी संपत आली कीं पूर्वीं चालकांचें कार्ड येई आणि वडील टपाल कचेरींत जाऊन मनीऑर्डर करीत. तिजवरील पत्ता ते स्वतःच्या हातानें लिहीत. पैसे कोठें जात आहेत हें त्यांस पक्कें ठाऊक असे. आज चित्रपट, क्रिकेटचे सामने, संगीत, वर्तमानपत्रें हीं सर्व वर्गणी भरून मोबाईलवर मिळतात, आणि वर्गणी संपल्याचा निरोपही मोबाईलवरच येतो. मात्र या निरोपांत पैसे पाठविण्याचा पत्ता दुसऱ्यानेंच लिहून ठेवलेला असतो. तो कोणीं लिहिला हें न पाहतां आपण त्यावर बोट टेकवितों. फसवणुकीचें मूळ येथेंच आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेला प्रसंग सांगतों. इयत्ता नववींतील मुलगा आईच्या मोबाईलवर सामना पाहत होता. इतक्यांत व्हॉट्सॲपवर एका प्रसिद्ध सेवेच्या चिन्हासह निरोप आला : “आपली वर्गणी आज रात्रीं १२ वाजतां संपत आहे. केवळ ५ रुपये भरून नूतनीकरण करा. अन्यथा खातें कायमचें बंद होईल.” पांच रुपयांसाठीं आईस कशास विचारावयाचें, असें मनांत आणून मुलानें खालच्या दुव्यावर बोट टेकविलें. तेथें आईच्या कार्डाचा क्रमांक भरला व मागाहून आलेला ओटीपीही लिहिला. त्या ओटीपीच्या निरोपांत रक्कम ५ नसून १८,५०० आहे असें स्पष्ट छापलें होतें. पण त्यानें फक्त सहा अंक पाहिले, मजकूर वाचला नाहीं. ते पैसे थोरल्या बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठीं ठेवलेले होते. भयानें मुलानें बँकेचा निरोप पुसून टाकला आणि दोन दिवस तोंडांतून अक्षर काढलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं उलगडा झाला, तोंवर पैसे पुढें निघून गेले होते.

हा मुलगा मंदबुद्धि नव्हता. मग तो फसला कसा ? ठकाच्या युक्तीचे तीन आधार असतात. पहिला, ओळखीचें चिन्ह; तें कोणासही उतरून घेतां येतें. दुसरा, घाई; ‘आज रात्रीं’ हे शब्द विचारास वेळ देत नाहींत. तिसरा, लहान रक्कम. तिजमुळें संशय झोपीं जातो. “पण आमची वर्गणी आहे हें त्यास कसें कळलें ?” असें कोणी विचारील. बहुधा त्यास कळलेलें नसतेंच. तोच निरोप हजारों लोकांस धाडिला जातो. त्यांतील कित्येकांची वर्गणी खरोखरीच असते. अंधारांत हजार खडे मारिले तर कांहीं नेमके लागतातच.

आतां खोटा निरोप ओळखावा कसा, तें पाहूं.

१. दुव्यांतील पत्ता वाचण्यास शिका. पत्त्यांतील पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या आधींचा भाग घ्या व तो शेवटाकडून मागें वाचा. ‘चित्रसेवा’ हें एक कल्पित नांव धरूं. ‘चित्रसेवा डॉट वर्गणीभरा डॉट कॉम’ हा पत्ता चित्रसेवेचा नव्हे. तो ‘वर्गणीभरा’ या भलत्याच मालकाचा आहे. घरास ‘पुणें निवास’ असें नांव दिलें म्हणून तें घर पुण्यांत येत नाहीं.

२. नांवापुढील निळ्या खुणेवर विसंबूं नका. ट्विटरवर २०२२ सालापासून, व फेसबुक-इन्स्टाग्रामवर आपल्या देशांत २०२३ पासून, ती खूण पैसे भरूनही मिळूं लागली.

३. कंपनीच्या पानावर आपण तक्रार लिहिली असतां “आम्ही ग्राहकसेवेंतून बोलतों” असें म्हणून कोणी खासगी निरोप धाडील, तर तो इसम तक्रारी वाचीत टपून बसलेला ठक असण्याचा संभव असतो.

४. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं नव्हे. “जादा भरलेली वर्गणी परत करितों, पिन टाका,” असें म्हणणारा खोटाच समजावा.

या सर्वांहून सोपा नियम असा कीं, परक्यानें दाखविलेल्या दारानें आंत जाऊं नये. निरोप खरा वाटो वा खोटा, तो बाजूस ठेवावा. त्या सेवेचें ॲप स्वतः उघडून आपल्या खात्यांत वर्गणीची तारीख पाहावी, आणि भरणा करावयाचाच तर तेथेंच करावा. वर्गणी आपोआप कापली जाण्याची व्यवस्था घरीं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें बँकेकडून किमान २४ तास आधीं सूचना येते. ती सूचना केवळ कळविते. पिन मागत नाहीं.

इतकें करूनही चूक झाली तर ? तत्काळ वडील मंडळींस सांगावें. बँकेस कळवून कार्ड बंद करावें, १९३० या क्रमांकावर फोन करावा, सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि आलेला निरोप पुसूं नये, कारण तोच पुरावा. त्वरेचें कारण असें कीं, चोरलेले पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें हलविले जातात. तक्रार वेळेवर पोंचल्यास बँकांस ते वाटेंत रोखण्याची संधि मिळते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें असेंही ठरविलें कीं, ग्राहकाच्या हयगयीनें पैसे गेले तरी बँकेस कळविल्यानंतर होणारें पुढील नुकसान बँकेनें सोसावें. म्हणजे गप्प राहिलेला प्रत्येक तास ठकाच्या पदरांत पडतो.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती आहे. मूल चूक सांगावयास येईल तेव्हां आधीं फोन उचलावा, रागवावयाचें तें मागाहून. ज्या घरांत मार बसेल या भीतीनें मूल दोन दिवस गप्प बसतें, त्या घरांत ठकास दोन दिवसांची सवड मिळते. आणि विद्यार्थ्यांनीं वरील मुलाचे ते दोन दिवस ध्यानांत ठेवावे. तो आम्हांस म्हणाला, “पैसे गेल्याहून ते लपविण्याचेंच दुःख अधिक झालें.” आतां त्या घरीं वर्गणी मुलगाच भरतो, आई शेजारीं बसते, तो रक्कम मोठ्यानें वाचून दाखवितो आणि मगच अंक लिहितो.