पदभार : सत्कार नव्हे, अमानत

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामधील ५८व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना दोन आज्ञा दिल्या आहेत. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन कराव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्याय करावा. भाष्यकारांनी या अमानतींमध्ये शासकीय पदांचाही समावेश केला आहे. म्हणून पद कोणाला मिळाले, एवढा एकच प्रश्न पुरेसा नाही. ते कोणत्या तयारीने स्वीकारले गेले आणि कोणत्या हिशेबासह सोपविले गेले, हेही महत्त्वाचे आहे.

आजच्या काळातील एक उदाहरण पाहा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची निवडणूक नोव्हेंबरच्या प्रारंभी होते आणि शपथविधी २० जानेवारीला होतो. या सुमारे अकरा आठवड्यांत नव्या शासनाला जवळपास ४००० पदांवर माणसे नेमण्याची तयारी करावी लागते. त्यांपैकी हजाराहून अधिक पदांना सिनेटची संमती लागते. सत्तांतर सुरळीत व्हावे म्हणून तेथे १९६३ साली खास कायदा करण्यात आला. पुढे २००० साली, भावी वरिष्ठ अधिकाऱ्यांना कामाची पूर्वओळख करून देण्याची तरतूदही त्यात झाली.

त्याच वर्षीच्या निवडणुकीचा निकाल न्यायालयीन वादात अडकला आणि तयारीचा जवळपास निम्मा काळ वाया गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने, या विलंबामुळे महत्त्वाच्या नेमणुकांमध्ये अडथळा आल्याची नोंद केली. हा धडा पुढे उपयोगी पडला. जानेवारी २००९ मध्ये शपथविधीच्या काही दिवस आधी मावळत्या आणि नव्या शासनाच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून आणीबाणीचा सराव केला. पक्ष वेगळे होते, परंतु जनतेची सुरक्षितता दोघांचीही जबाबदारी होती.

वाचकहो, नियुक्त व्यक्तीला तयार करून पाठविण्याची ही दृष्टी आपल्याला अपरिचित नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आदरणीय मुआज (रजि.) आणि आदरणीय अबू मूसा (रजि.) यांना यमनला पाठविले, तेव्हा लोकांसाठी सुलभता निर्माण करा, त्यांना अडचणीत टाकू नका आणि आपसांत एकोप्याने वागा, असा उपदेश केला. मुआज (रजि.) यांना तेथील लोक ग्रंथधारक असल्याचे आधीच सांगितले आणि कामाचा क्रमही समजावून दिला : प्रथम एकेश्वरत्व, मग नमाज, मग श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना द्यावयाची जकात. जकात घेताना लोकांची उत्तमोत्तम मालमत्ता उचलू नका आणि पीडिताच्या हाकेला भ्या, कारण तिच्या व अल्लाहच्या दरम्यान कोणताही पडदा नसतो, असेही बजावले. लोकांची ओळख, कामाचा क्रम, अधिकाराची मर्यादा आणि जाब देण्याची जाणीव असे चारही पैलू या उपदेशात आहेत.

आता पद सोडणाऱ्याचे कर्तव्य पाहा. हिजरी १३ (इ. स. ६३४) मध्ये अखेरच्या आजारपणात आदरणीय अबू बक्र (रजि.) यांनी ज्येष्ठ सहाबांशी सल्लामसलत केली. आदरणीय उमर (रजि.) यांच्या कठोर स्वभावाविषयीच्या शंका ऐकून घेतल्या आणि मगच त्यांची निवड केली. खिलाफतीच्या काळात माझ्या मालमत्तेत जी भर पडली असेल ती नव्या खलीफाकडे पोहोचवा, असेही त्यांनी घरच्यांना सांगितले. ती भर म्हणजे एक सेवक आणि पाणी वाहणारा एक उंट अशी किरकोळच होती. ते पाहून उमर (रजि.) यांना रडू कोसळले. आपल्यानंतरच्यांसाठी त्यांनी किती अवघड आदर्श घालून दिला, असे उद्गार त्यांनी काढले.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला राज्यकारभार येतो. परंतु मशिदीचे विश्वस्तपद, मदरशाची समिती किंवा शाळेचे व्यवस्थापन अनेकांकडे येते. तेथे नवी समिती आली की आपण हार घालतो. पण वक्फची कागदपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, येणी-देणी आणि अपूर्ण कामांची यादी यांचा ताबा लेखी दिला जातो का? मनात राग धरून जुने पदाधिकारी माहिती दडवीत असतील, तर ती अमानतीतील खयानत ठरते. नवे पदाधिकारी काहीही न विचारता खुर्चीत बसत असतील, तर तोही निष्काळजीपणाच होय.

आदरणीय अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सावध केले होते की, पद ही अमानत आहे आणि तिचा हक्क अदा न करणाऱ्यासाठी ते कयामतच्या दिवशी अपमान व पश्चात्तापाचे कारण ठरेल. म्हणून पद घेताना शिकून घ्यावे आणि सोडताना हिशेब द्यावा.

अल्लाह आपणा सर्वांना अमानतींचे रक्षण करण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.