आधी कप्प्याचे माप

आहुपे, ता. आंबेगाव, जि. पुणे

चि. भाचीस,


तुझे पत्र आणि सोबतची रेखाटने मिळाली. आरसा असलेली, पर्समध्ये मावणारी, आतले प्रसाधन संपले की तेवढेच बदलता येईल अशी डबी करायची आणि ती इथल्या बायकांच्या बचत गटाला बनवता यावी, असा तुझा बेत आहे. बेत मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितो. रेखाटनांत झाकणावर तू फार जीव ओतला आहेस. कोयरी काढलीस, विड्याचे पान काढलेस, कडेला वेलबुट्टीही काढलीस. आत मात्र नुसते चार गोल काढून ठेवलेस आणि त्यांच्यापुढे माप लिहिलेले नाही. माझे सांगणे असे की कामाला त्या चार गोलांपासून सुरुवात कर. डबी दोन वर्षे चालणार की वीस, हे त्या गोलांच्या मापावर ठरणार आहे. आणि ते माप तू नव्याने शोधून काढू नकोस. बाजारात जे आधीच चालते आहे, जे कुणीही विचारल्याशिवाय वापरू शकतो, तेच घे.

असे का म्हणतो, ते आपल्या फणेरपेटीकडे पाहून समजेल. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्त्रियांच्या साजशृंगाराच्या जुन्या वस्तू आहेत. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला तो संग्रह १९७५ साली राज्य सरकारच्या स्वाधीन केला. तिथे वही घेऊन जा आणि वस्तू नुसत्या सुंदर म्हणून न पाहता त्या पुन्हा कशा भरल्या जात असतील याचा विचार करत पाहा. फणेरपेटी म्हणजे लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला ऐना, आत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ, आगवळ. तुला जे करायचे आहे त्याची ही थोरली बहीणच. ती सुतार करायचा, करंडा कासार किंवा सोनार करायचा, कुंकू आठवड्याच्या बाजारात तोलून मिळायचे, मेण जंगलातून यायचे, काजळ घरी धरले जायचे, आणि ऐना फुटला तर नुसती काच बदलायची. पेटी करणाऱ्याचा आतल्या मालावर कसलाच हक्क नव्हता. त्यामुळे सुतार मेला, कुंकूवाला गाव सोडून गेला, तरी पेटीचे काही अडत नसे. सासूची पेटी सुनेकडे गेली ती लाकूड उत्तम होते म्हणून तर खरेच, पण त्याहून अधिक ती दर महिन्याला भरता येत होती म्हणून. जी वस्तू भरता येत नाही तिचे लाकूड कितीही चांगले असले तरी ती माळ्यावर जाते.

आता हल्लीची डबी उघड. टाटांनी १९५२ साली लॅक्मे काढली, तेव्हापासून आपल्याकडच्या मध्यमवर्गीय स्त्रीला देशी कॉम्पॅक्ट मिळू लागला आणि आज तो घोडेगाव-मंचरच्या दुकानांतही असतो. त्यात प्लॅस्टिकचे कवच, काचेचा आरसा, बिजागरीची लोखंडी सळई, पत्र्याची उथळ वाटी आणि हे सगळे धरून ठेवणारा गोंद असतो. पावडर वर्षभरात संपते. बाकी चार गोष्टी धडधाकट असतात, पण एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून भंगारवालाही त्या वेगळ्या करत बसत नाही. यावर उपाय म्हणून काही कंपन्या आतली वाटी सुटी विकतात. पण तिचा आकार त्यांचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाची वाटी त्यात बसत नाही. कंपनीने तो प्रकार बंद केला की कवच निकामी. शहरात निदान दुसरे दुकान गाठता येते. आहुप्याहून घोडेगाव गाठायचे तर डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने अर्धा दिवस मोडतो. इथे जी वाटी कुरियरनेच येऊ शकते ती बदलता येण्याजोगी आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

तू म्हणशील, माप खुले ठेवले तर वाटी बनवणाऱ्याला काय फायदा, तो कशाला बनवील? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दाढीच्या पात्याने दिलेले आहे. किंग जिलेटला त्याच्या रेझरचे पेटंट १९०४ साली मिळाले आणि १९२१ साली त्याची मुदत संपली. त्यानंतर त्या जातीची दुधारी पाती कितीतरी कारखान्यांनी काढली. पात्यांचा धंदा बुडाला नाही, उलट पसरला. आपल्याकडचा न्हावी आज तेच पाते मधून मोडून अर्धे उस्तऱ्यात घालतो, इतके ते माप सर्वांचे झाले आहे. ज्याच्याकडे जाहिरातीचा पैसा आहे त्याला आपल्या मापाचे कुलूप लावून गिऱ्हाईक अडकवता येते. बचत गटाला ते कधीच जमणार नाही. लहान कारागिराचे हित चालू मापात सामील होण्यातच आहे, कारण मग इतरांनी बनवलेली प्रत्येक वाटी त्याच्या डबीची किंमत वाढवते.

सुदैवाने असे एक माप आहे. डोळ्यांवर लावायच्या रंगाची गोल वाटी बहुधा २६ मिलिमीटर व्यासाची असते. अनेक कंपन्या सुटा रंग त्या मापात विकतात आणि रिकाम्या वाट्याही मिळतात. तुझे चारही गोल तेवढेच कर. चेहऱ्याच्या पावडरीला मोठी वाटी हवी असेल तर एका बाजूला चौकोनी मोकळा कप्पा ठेव, त्यात आलेली वाटी धरून ठेवायला तळाशी लोहचुंबक बसव. आता खरी कसोटी लाकडाची. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, रेषेला आडवे मात्र फुगते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेतून आपल्या घाटमाथ्यावरच्या आषाढात आले की आडव्या दिशेने दोन टक्के फुगणे काही विशेष नाही. २६ मिलिमीटरवर तो अर्धा मिलिमीटर झाला, म्हणजे गोल खोबण लंबगोल होणार आणि पावसाळ्यात घट्ट बसवलेली वाटी उन्हाळ्यात खोबण आवळली की अडकून बसणार. म्हणून खोबण २७ मिलिमीटरची कर आणि पकड लाकडावर न सोपवता चुंबकावर सोपव. चुंबक वाटीला थेट लागू देऊ नकोस, वर पातळ आवरण दे, नाहीतर दमट हवेत त्याचा मुलामा सुटतो. अल्युमिनियमची वाटी चुंबकाला धरत नाही आणि कथील चढवलेल्या पत्र्याची गंजते, हा पेच तुझ्या लक्षात आलाच असेल. मी पत्र्याचीच घेईन. वाटी वर्षभराची पाहुणी आहे, तिच्या कडेला थोडा तांबूस डाग पडला तर चालेल. बिजागरी आणि स्क्रू मात्र पितळेचे असू देत, ते कायमचे आहेत. प्रत्येक खोबणीच्या तळाला तीन मिलिमीटरचे आरपार भोक ठेव, म्हणजे केसातल्या पिनेने खालून ढकलले की रिकामी वाटी वर येईल.

आरशाबद्दल तू गोल काच दाखवली आहेस. ती काढून टाक. गोल काच कापायला निराळे हत्यार आणि सराव लागतो. चौकोनी तुकडा मंचरचा कोणताही फोटोफ्रेमवाला दोन रेघा मारून उभ्या उभ्या देईल. काच चिकटवू नकोस. वर-खाली खाचा दे, काच बाजूने सरकव, शेवटी दोन स्क्रूंची पट्टी लाव. आपल्याकडे धुके आणि पाऊस इतका की आरशाची कड आधी काळी पडते, कारण ओल मागच्या चांदीच्या थरात कडेनेच शिरते. म्हणून बसवण्याआधी चारही कडांना वॉर्निश फिरव. आकाराचा हिशेबही सोपा आहे. सपाट आरशात आपल्या चेहऱ्याचा जेवढा भाग पाहायचा त्याच्या निम्म्या लांबीची काच पुरते, मग आरसा जवळ धरा की लांब. भुवयांपासून हनुवटीपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरले तर ६ सेंटिमीटर उंचीची काच बस आहे, आणि रुंदीला ७. डबीचा एकूण आकार या दोन आकड्यांवरून आणि चार वाट्यांवरून आपोआप ठरेल. कोयरीचा मोह तेव्हा सुटेल असे वाटते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप स्वच्छतेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. फणेरपेटी सुट्या मालावर चालत होती, आणि सुट्या मालातच भेसळ शिरली. हळदीला चुन्यासारख्या क्षाराने लाल केलेले कुंकू जाऊन स्वस्त रासायनिक रंगांची भुकटी बाजारात आली, सुरम्यात शिशाचे खनिज असते हेही सर्वज्ञात आहे. आपल्या कायद्याने प्रसाधनांतल्या रंगांत दहा लाख भागांत शिसे २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक चालत नाही, ते याच भीतीपोटी. तेव्हा मागे वळून सुटे कुंकू, घरचे काजळ डबीत भरून विकू या, असा विचार गटात कुणाच्या मनात आला तर तू ठाम नाही म्हण. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचे तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो अडथळा योग्य आहे, कारण डोळ्याला लागणाऱ्या वस्तूत अंदाजाला जागा नसते. माप खुले असावे, भरलेली वाटी मात्र बंद, परवानाधारकाची. गटाने डबी करावी, वाटी विकत आणावी. फक्त एक गोष्ट तुझ्या रचनेत आजवर दिसली नाही. वाटी वेष्टनातून निघाली की कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख वेष्टनाबरोबर केरात जाते. चार वाट्यांपैकी कुठली जुनी झाली हे मग कुणाला कळणार? म्हणून वाटीच्या पाठीवर चिठ्ठी लावायला जागा ठेव, खोबणीचे भोक मधोमध न ठेवता कडेला घे, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहिता येईल अशी न रंगवलेली पट्टी सोड.

दुसरा आक्षेप तुझ्याच बरोबरीच्या मुली घेतील, की आहुप्याच्या बाईला कॉम्पॅक्ट कशाला? ती कुंकू नाहीतर टिकली लावते. मला या बोलण्याचा राग येतो. इथल्या मुली घोडेगाव-मंचरला कॉलेजात जातात, पुण्यात नोकऱ्या करतात, आणि त्यांना काय लावावेसे वाटते हे ठरवायचा अधिकार देवराई आणि कोकणकडा पाहायला येणाऱ्यांना नाही. पर्यटकांसाठी आठवणवस्तू म्हणून ही डबी करशील तर ती एकदाच विकली जाईल आणि पुन्हा कधी भरली जाणार नाही. जिला रोज लागते तिच्यासाठी कर. तिच्यापुढे खरी अडचण किमतीची असेल. तयार कॉम्पॅक्ट स्वस्तात मिळतो, लाकडी डबी तेवढ्यात होणार नाही, हे कबूल करूनच पुढे जा. पण इथल्या घरात पैसा एका लयीत येत नाही. उन्हाळ्यात बाळहिरडा विकला की थोडा हातात खुळखुळतो, भाताच्या सुगीला पुन्हा थोडा, आणि मधले पावसाळ्याचे महिने ओढीचे. चारही वाट्या भरलेली डबी एका रकमेत घ्यायला लावू नकोस. रिकामी डबी एक वाटी घालून विक. बाकीच्या तीन खोबणी ती जमेल तशा भरील, आणि तोवर त्यांत टिकल्यांची पाकिटे आणि पिना राहतील. एकच वाटी असतानाही डबी अर्धवट वाटू नये, एवढे मात्र तुला रचनेत साधावे लागेल.

लाकडाचे थोडक्यात सांगतो. देवराईतली काडीसुद्धा तोडायची नाही आणि भोवताली भीमाशंकरचे अभयारण्य आहे, तेव्हा लाकूड वखारीतूनच, पावतीसह आण. शिवण मिळाले तर उत्तम, ते हलके असते आणि ऋतू बदलला तरी फारसे वाकत नाही. रंगासाठी बाजारातल्या पॉलिशकडे जाण्याआधी हिरड्याकडे पाहा. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घातले की काळा रंग उतरतो, जुनी शाई याच जोडीवर होत असे. लाकडावर आधी हिरड्याचा काढा आणि तो वाळल्यावर हिराकसाचे पाणी फिरवले तर काळेपणा लाकडाच्या अंगातच धरतो. वरून तेल किंवा लाख चढवून तो नीट बंद कर, नाहीतर बोटांना आणि पर्सच्या अस्तराला लागेल. गटातल्या बायकांना हिरडा फोडण्या-वाळवण्यापर्यंतच ठाऊक आहे. त्याचा भाव दुसरे कुणी ठरवते. त्यातला थोडा हिरडा त्यांच्याच हातून वस्तूवर चढला तर मला फार समाधान होईल.

आता नमुने. झाकणावर काहीही न कोरता तीन डब्या कर, एक शिवणीची, एक सागाची, एक बांबूची, आणि मृगाआधी इकडे पोचव. चार महिने त्या इथल्या तीन घरांत रोज वापरल्या जातील. दसऱ्याला तू येशील तेव्हा प्रत्येक डबीचे झाकण मिटते का, पिनेने वाटी निघते का, काचेची कड किती काळवंडली, हे मोजपट्टी लावून लिहून घे. बाजारातून तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या २६ मिलिमीटरच्या वाट्या येताना घेऊन ये. एक जरी बसली नाही तर खोबण पुन्हा कोरावी लागेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा